अण्णांची झोळी
(महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे जीवनकार्य)

गणपती विसर्जन झाले, दिवाळीचा कार्यक्रम पार पडला, की कोणत्याही मंडळात एक बैठक होते. हिशेब वाचला जातो, आभार मानले जातात आणि शेवटी एक प्रश्न हमखास निघतो. पुढच्या वर्षी हे सगळे करणार कोण? ज्यांनी देऊळ उभे केले त्यांचे गुडघे आता दुखू लागले आहेत. मधली पिढी नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांचे क्लासेस यांत गुंतली आहे. आणि इथे जन्मलेली मुले आरतीला येतात, प्रसाद घेतात, पण हे देऊळ आपले आहे असे त्यांना वाटते की ते आईबाबांचे आहे असे वाटते, याचे उत्तर द्यायला आपण जरा कचरतो.

हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. महाराष्ट्रात संस्था उभारणाऱ्या प्रत्येकाला तो पडला होता. त्यांतील एका माणसाने तो सत्तर वर्षे, निरनिराळ्या संस्थांतून, फार शांतपणे सोडवला. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सर्वांचे अण्णा. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव आपण शाळेत वाचलेले असते. पण पैसा कसा जमवावा, माणसे कशी जोडावीत आणि जमवलेले दुसऱ्याच्या हाती कसे सोपवावे, या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे आपण फारसे पाहत नाही. या लेखात तसे पाहण्याचा विचार आहे.

मुरूडचा मुलगा

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात, शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूड गावी. परिस्थिती बेताची, घरात मान मोठा आणि पैसा थोडा. गावच्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. त्यांना शाळेपुरते शिकवून समाधान नसे. गावात सार्वजनिक कामे व्हावीत, लोकांना जगात काय चालले आहे ते कळावे, अशी त्यांची तळमळ होती. त्यांनी धोंडू नावाच्या या बुजऱ्या मुलाला एक काम दिले. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. काम लहानसेच, पण गावातील मोठी माणसे आपले वाचन ऐकायला बसतात, आपण नसलो तर त्यांचे अडते, हे त्या मुलाला कळले. सार्वजनिक कामाचे पहिले बाळकडू त्यांना असे देवळातच मिळाले.

पुढे सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. परीक्षेचे ठिकाण सातारा. पावसाळ्याचे दिवस, मध्ये सह्याद्रीचे घाट. शंभर मैलांहून अधिक वाट तुडवत अण्णा आणि त्यांचे सोबती साताऱ्याला पोचले. तिथे परीक्षा समितीने या किरकोळ अंगकाठीच्या मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेला बसू दिले नाही. अण्णा तसेच परत फिरले आणि पुढे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचा स्वभाव समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. नकार आला तर भांडण नाही, कडवटपणा नाही. पुन्हा चालू लागायचे.

मुंबईस येऊन ते १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाले. शाळांतून शिकवून आणि शिकवण्या करून प्रपंच चालवू लागले. मिळकत जेमतेम असतानाच त्यांनी उत्पन्नातील ठरावीक भाग सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याचा नेम केला. त्याच काळात मुरूडच्या, पोटासाठी बाहेर पडलेल्या मंडळींना एकत्र करून त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. गाव सोडून गेलेल्यांनी आपल्या कमाईतला लहानसा हिस्सा गावाच्या कामासाठी द्यावा, ही कल्पना. परदेशात राहून गावच्या शाळेला, देवळाला पैसे पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ती नवीन वाटणार नाही. पण ती जवळजवळ एकशेचाळीस वर्षांपूर्वीची आहे आणि तेव्हा मुंबई हाच कोकणी माणसाचा परदेश होता.

एक लग्न आणि एक बहिष्कार

१८९१ साली अण्णांच्या पत्नी राधाबाई वारल्या. रघुनाथ हा मुलगा लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आग्रहावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडल्यामुळे गणिताची जागा रिकामी होती. दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा, करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत.

मुरूडला ही बातमी पोचली आणि गावाने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी अण्णांनी फंड काढला, त्याच गावात त्यांना आपल्या घरी आईजवळ राहणे अशक्य झाले. आई आणि भाऊ यांची कुचंबणा झाली ती वेगळीच. लोकांसाठी काम करणाऱ्याला लोकांकडूनच असे वागवले जाते, तेव्हा पुष्कळजण काम सोडून देतात. अण्णांनी त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. परंतु लवकरच त्यांच्या लक्षात आले की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या स्त्रिया मूठभर आहेत. बाकीच्या हजारोंना आधी शिक्षण हवे आहे, स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे.

विश्वास हेच भांडवल

येथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन सुरू केले ते बहुतांशी अमेरिकेतील मदतीवर. त्यासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या नावाची संस्थाच स्थापन झाली होती. काम मोलाचे होते. परंतु सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत अशी ओरड झाली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आता जुना झाला. अण्णांनी मात्र त्यातून एक व्यवहार शिकून घेतला. संस्था ज्या समाजातील मुलींसाठी आहे, त्या समाजाचा पैसा तिच्यात असला पाहिजे. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्याने आठ आणे दिले तो संस्थेला आपली म्हणतो आणि वेळ आली तर तिच्या बाजूने दोन शब्द बोलतो.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. डॉ. भांडारकर अध्यक्ष झाले. अण्णांनी आपली शिल्लक, एक हजार रुपये, पहिल्यांदा स्वतः घातली आणि मग दुसऱ्यांकडे हात पसरला. सुटीच्या दिवसांत ते वर्गणीसाठी गावोगाव फिरत. वक्तृत्व यथातथाच. टिळकांसारखी गर्जना नाही की गोखल्यांसारखी इंग्रजीवर हुकूमत नाही. हळू आवाजात काम सांगायचे, वही पुढे करायची, देईल ते घ्यायचे आणि पावती द्यायची. नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दारी जायचे. वर्षाच्या शेवटी छापील अहवालात पैपैचा जमाखर्च. वही, पावती आणि अहवाल या तीन गोष्टींनी त्यांच्या झोळीत जितके टाकले तितके मोठ्या भाषणांनी टाकले नसते.

आश्रम १८९९ साली पुण्यात भाड्याच्या घरात सुरू झाला. पण प्लेगचे दिवस होते. मुलींना शहराच्या गर्दीत ठेवणे धोक्याचे होते आणि भोवतालच्या लोकांच्या नजराही चांगल्या नव्हत्या. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. सुमारे पाचशे रुपयांत तिथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० च्या जूनमध्ये आश्रम तेथे गेला. भोवती माळरान, रस्ता धड नाही. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी सामानसुमान घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जात, रात्री मुलींना शिकवत आणि सकाळी परत कॉलेजात हजर होत. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. हे एक-दोन दिवस नव्हे, काही वर्षे चालले. देणगीदारांनी आधी हे पाहिले आणि मग खिशात हात घातला.

घरच्यांनी दिलेली देणगी

अण्णांच्या चरित्रात ज्या देणगीची पावती कधी फाडली गेली नाही, ती घरच्यांची. शिल्लक आश्रमाला गेली, पगारातला भाग गेला, पुढे आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. आनंदीबाईंना हे पटले नाही आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले. लहान मुले घरात असताना उद्या काही बरेवाईट झाले तर, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही आईचा प्रश्न होता. त्या नुसत्या तक्रार करत बसल्या नाहीत. सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी बाळंतपणे केली आणि संसाराला हातभार लावला. ज्या काळात प्रशिक्षित सुईण मिळणे हेच बाळंतिणीचे भाग्य होते, त्या काळात हे काम किती मोलाचे होते, हे आम्हा डॉक्टरांना वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक दुखरी बाजू आहे. आनंदीबाई पुनर्विवाहित. त्यांचा आश्रमात वावर दिसला तर सनातनी पालक मुली पाठवणार नाहीत आणि वर्गणी देणारे हात आखडतील, म्हणून सुरुवातीची काही वर्षे त्यांना आश्रमापासून दूर ठेवले गेले. ज्या स्त्रीशी लग्न करून कामाला आरंभ झाला, तिलाच त्या कामात प्रवेश नाही. त्याचप्रमाणे आश्रमाचे दार पहिल्या काळात मुख्यतः ब्राह्मण कुटुंबांतील मुलींनाच उघडे होते. देणाऱ्यांच्या भावना जपताना संस्थेला काय काय गिळावे लागते, याचे हे उदाहरण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इतके असूनही आनंदीबाई पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला स्वतः फिरल्या. त्यांची ‘माझे पुराण’ ही आत्मकथा सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी लिहून घेतली. ज्यांना महर्षींच्या घरातली बाजू समजून घ्यायची आहे त्यांनी ती अवश्य वाचावी.

विद्यार्थिनी झाली कार्यकर्ती

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ऐन तारुण्यात विधवा, अक्षरओळख नाही म्हटले तरी चालेल. वयाच्या अशा टप्प्यावर त्या शिकायला लागल्या की बरोबरीच्या बायका तेव्हा सुनांची वाट पाहत. शिकून झाल्यावर अण्णांनी त्यांना स्वयंपाकघर किंवा कोठार सांभाळायला दिले नाही. संस्थेसाठी निधी जमवायला बाहेर पाठवले. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्य त्या काळी कोणी पाहिलेले नव्हते. पार्वतीबाई जुन्या वळणाच्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलत. अण्णांना जे दार उघडले नसते ते त्यांना उघडे. पुढे त्यांनी विचारपूर्वक केशवपन सोडले आणि त्याही धाडसाची किंमत मोजली.

१९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या बाई अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी येत नव्हते, तेच शिकायचे होते, आणि जमले तर संस्थेसाठी मदत मिळवायची होती. हाती पैसा नव्हता. त्यांनी अमेरिकेत लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले, आजारपणे सोसली, माणसे जोडली आणि १९२० मध्ये त्या परत आल्या. आपल्यापैकी बहुतेकजण हातात पदवी आणि खिशात नोकरीचे पत्र घेऊन विमानातून उतरलो. आपल्या कितीतरी आधी एक मराठी विधवा, हिंगण्याच्या मुलींसाठी, परक्या घरातली भांडी घासून गेली आहे. तिची ‘माझी कहाणी’ आपल्या मुलींच्या हाती द्यावी अशी आहे.

अण्णांची खरी पद्धत इथे दिसते. ज्याला मदत केली त्याला आश्रित म्हणून ठेवायचे नाही. त्याच्यावर असे काम सोपवायचे की ते बिघडले तर संस्थेचे नुकसान होईल. असा भरवसा टाकला की माणूस वाढतो. त्यांचे आप्त, पण घरच्यासारखेच असलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे लहानपणी शिकायला त्यांच्याकडे होते. तेच १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९१६ मध्ये अण्णांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याचे कुलगुरू झाले. अण्णा स्वतः पदावर बसले नाहीत. ते वर्गणी मागायला निघून गेले.

मठ आणि तरुण मंडळी

१९०७ मध्ये अण्णांनी महिला विद्यालय सुरू केले. विधवांसाठी आश्रम आहे, पण लग्न न झालेल्या मुलींनाही चांगली शाळा हवी, हा विचार. आश्रमाच्या काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. एकच झोळी, आणि त्यात वाटेकरी वाढणार, ही त्यांची भीती अगदी खरी होती. अण्णांनी वाद वाढवला नाही. नवे काम वेगळे सुरू केले, त्यासाठी वेगळे पैसे मागितले. पुढे लोकांना त्याची गरज पटली आणि या संस्था एकत्र आल्या.

या कामांना पैशापेक्षाही माणसे हवी होती. म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ निघाला. नाव मठाचे असले तरी तो संन्याशांचा नव्हता. शिकलेल्या तरुणांनी आणि स्त्रियांनी निर्वाहापुरते वेतन घेऊन संस्थेला आयुष्य वाहायचे, स्वतःच्या फायद्याचा विचार करायचा नाही, आपसांत तंटे करायचे नाहीत, अशा शपथा त्यात होत्या. स्त्री आणि पुरुष दोघेही सेवक. ज्यांना आयुष्य देता येणार नाही त्यांनी पैसा द्यावा, वेळ द्यावा, निदान चांगले बोलावे. अशा पायऱ्या असल्यामुळे कोणालाही बाहेर उभे राहावे लागले नाही. पुढच्या काळात वामन मल्हार जोशी यांच्यासारखा विचारवंत कादंबरीकार या संस्थेत वर्षानुवर्षे शिकवत राहिला, तो काही पगारासाठी नव्हे.

पाच विद्यार्थिनी आणि पंधरा लाख

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. आता विश्रांती घ्यावी असे कोणी म्हटले असते तर ते वावगे नव्हते. १९१५ च्या अखेरीस मुंबईला सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. परिषदेत त्यांनी भारतासाठी तसेच विद्यापीठ मांडले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. १९१६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा कॉलेजच्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. सरकारची मान्यता नाही, इमारत नाही. पाच मुलींसाठी विद्यापीठ काढणाऱ्याला हसणारे पुष्कळ होते.

विद्यापीठाच्या रचनेत मात्र अण्णांनी एक सुंदर गोष्ट केली. वर्गणी देणाऱ्यांचा मतदारसंघ ठेवला आणि त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना कारभारात जागा दिली. म्हणजे पैसे दिले आणि विसरून गेले असे नाही. दर वर्षी थोडे द्या, दर वर्षी विचारा, मत द्या. महात्मा गांधींचे इंग्रजी सक्तीची ठेवण्याबद्दल अण्णांशी जमले नाही. तरीही त्यांनी वार्षिक वर्गणी देऊ केली. मतभेद असलेल्या माणसाकडूनही वर्गणी घ्यायची आणि त्याने दिली म्हणून आपले मत मात्र बदलायचे नाही, हे दोन्ही अण्णांना साधले. डॉ. विठ्ठल राघोबा लांडे या गृहस्थांनी आपली मिळकत विद्यापीठाला दिली. आमच्या व्यवसायातील एका माणसाचे नाव या इतिहासात आहे याचा आनंद होतो.

मग १९२० साल उजाडले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पत्नी प्रेमलीलाबाईंसह जगप्रवासाला गेले असता त्यांनी टोकियोचे ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर त्यांनी अण्णांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. आई नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आपले एस.एन.डी.टी. रकमेचे साडेतीन टक्के व्याज, दर वर्षी बावन्न हजार पाचशे रुपये, मिळायचे ठरले.

मोठी देणगी आली की सगळे प्रश्न सुटतात असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. विठ्ठलदास १९२२ मध्ये अकाली वारले. पुढे देणगीच्या अटींवरून विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ वार्षिक रक्कम थांबली. संस्था बंद पडायची वेळ आली. त्या दिवसांत तिला तगवून धरले ते जुन्या लहान वर्गणीदारांनी आणि पगार कापून घेणाऱ्या सेवकांनी. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. १९५१ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा पहिल्या कुलगुरू झाल्या त्या प्रेमलीलाबाई ठाकरसी. देणगीदाराच्या घरातील पुढचे माणूस कामाला येऊन लागले, हे त्या पंधरा लाखांपेक्षा कमी मोलाचे नाही.

सत्तरीनंतरचा प्रवास

१९२९ च्या मार्चमध्ये, सत्तरी पूर्ण केलेले अण्णा समुद्रमार्गे निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, मग अमेरिका, जपान. परिषदांतून त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणाविषयी निबंध वाचले, घरोघरी आणि सभांतून मदत मागितली आणि ज्या टोकियोच्या पुस्तिकेने ध्यास लावला ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले. १९३० च्या एप्रिलमध्ये परतले आणि डिसेंबरात पुन्हा बाहेर पडले, आफ्रिकेला. मुंबासा, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा पंधरा महिन्यांचा प्रवास. त्यांचे एक चिरंजीव शंकरराव पूर्व आफ्रिकेत डॉक्टर होते. तिथल्या हिंदी वस्तीतील दुकानदार, कारकून, कंत्राटदार यांच्याकडून अण्णांनी पुण्या-मुंबईच्या मुलींसाठी निधी जमवला. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांकडे मायदेशातील संस्थेसाठी जाण्याची आज रूढ झालेली वाट तेव्हा फारशी मळलेली नव्हती.

घरातील पुढची पिढी कामात आली तीही आपापल्या वाटेने. थोरले रघुनाथराव यांनी संततिनियमनाचे काम हाती घेतले आणि समाजाचा रोष पत्करला. ते वडिलांच्या चाकोरीतले नव्हते, पण बाणा तोच. भास्करराव आणि कावेरीबाई हिंगण्याच्या संस्थेत रमले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई, पुढे ज्या थोर मानवशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्यांनी १९३१ ते १९३६ या अडचणीच्या वर्षांत विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे काम सांभाळले. चारी मुलांनी बापाचेच काम करावे असा हट्ट अण्णांनी धरला असता तर कदाचित एकही आले नसते.

आणि अण्णा? विद्यापीठ मार्गी लागले, तेव्हा १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापले. आपल्या पेन्शनमधून सुरुवात केली आणि पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार पुन्हा वर्गणी मागू लागले. १९४४ मध्ये, जातिभेद मोडावा म्हणून, समता संघ काढला. आश्रमाच्या पहिल्या दिवसांत जी मर्यादा पाळावी लागली होती, तिच्या पलीकडे जाण्याचा हा उशिरा का होईना प्रयत्न होता. १९५० मध्ये आनंदीबाई गेल्या. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्यांच्या हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून, अण्णा पुण्यात निवर्तले.

हिंगण्याच्या त्या झोपडीच्या जागेला आज कर्वेनगर म्हणतात. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या तिथल्या परिसरात बालवाडीपासून अभियांत्रिकीपर्यंत मुली शिकतात. मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू झाले.

ओवाळणी

या संस्थेची एक प्रथा आपल्याला विशेष जवळची वाटावी. तिचा भाऊबीज निधी. आश्रमातील मुलींना माहेर नव्हते, ओवाळायला भाऊ नव्हता. तेव्हा समाजातील प्रत्येकाने या बहिणींना दिवाळीत ओवाळणी घालावी, अशी ही कल्पना. स्वयंसेवक घरोघरी जातात आणि लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात. रक्कम लहान असते. पण देणारा देणगीदार राहत नाही, भाऊ होतो. उपकार केल्याची भावना उरत नाही, कारण ओवाळणी हे कर्तव्य असते. आजोबा ओवाळणी घालत, म्हणून वडील घालतात, आणि मुलगा ते पाहत मोठा होतो. अनेक घरांतून ही ओवाळणी अशीच पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

आता आपल्या मंडळाकडे वळू. अण्णांच्या आयुष्यातून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, लहान देणगीचा मान मोठ्या देणगीइतकाच ठेवावा आणि हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा. संगमरवरी पाटीवर नाव असणाऱ्यांइतकेच, दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम देणारे विद्यार्थी कुटुंब मंडळाचा खांब आहे. एखाद्या वर्षी मोठा दाता मागे सरला तर तेच आपल्याला तारून नेते.

दुसरी, तरुणांना खरी जबाबदारी द्यावी. आपण मुलांना खुर्च्या मांडायला, पार्किंगला उभे राहायला सांगतो आणि मुले येत नाहीत अशी तक्रार करतो. सोमण गुरुजींनी धोंडूला सतरंज्या घालायला सांगितले नव्हते, सगळ्या गावासमोर वर्तमानपत्र वाचायला दिले होते. आपणही एखाद्या उत्सवाचे अंदाजपत्रक, अन्नदानाचे काम, दवाखान्याची शिबिरे त्यांच्या हाती द्यावीत. चुका होतील. मराठी मोडके असेल. पार्वतीबाईंचे इंग्रजीही मोडकेच होते.

तिसरी आणि सर्वांत अवघड, जे उभे केले ते वेळेवर हातातून सोडावे. अण्णांनी प्रत्येक संस्था पायावर उभी राहिली की ती दुसऱ्यांच्या स्वाधीन केली. मात्र घरी बसून नव्यांच्या चुका मोजल्या नाहीत. पुढचे काम शोधले. सोडायचे म्हणजे रुसून बाहेर पडायचे नव्हे. वही घेऊन पुढच्या दारी जायचे. आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे हे देऊळ चालवले, त्यांना खुर्ची सोडल्यावर काय करू हा प्रश्न पडतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातली पहिली शाळा काढणारे अण्णा त्याचे उत्तर देऊन गेले आहेत.

या दिवाळीत मंडळाची वही आपल्या दारी येईल. शक्यतो ती एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा घेऊन येईल अशी व्यवस्था करावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. त्यांना चहा द्यावा, घरात बसवावे, काम काय चालले आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि मग यथाशक्ती ओवाळणी घालावी.